पाठमोऱ्या खुर्च्या

फरशीवर आखलेल्या पिवळ्या पट्टीवर उभ्या असलेल्या क्रेनवाल्याने हातातल्या कागदाची घडी उलगडली, परत घातली आणि खिशात ठेवता ठेवता कागद खाली पाडला. तो उचलायला वाकला आणि वाकलेला असतानाच म्हणाला, "नमस्कार."

वर्ग हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. बाकीच्या तेरा जणांपैकी प्रत्येकाची त्या पट्टीवर कधी ना कधी अशीच फजिती झाली होती. पण क्रेनवाला ताठ उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता आणि पुढचं वाक्य काही केल्या येईना. त्याने छताकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, दाराकडे तर दोनदा पाहिलं.

शेवटच्या रांगेत, सगळ्यांच्या पाठीमागे बसलेल्या बाईंनी वहीत 'नजर' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी हा भाषणाचा वर्ग भरे. खाली 'शांतता राखा'ची पाटी आणि वर बोलायला शिकणारे लोक, असा तो संसार होता. फारच रंगात आलं की खालचे ग्रंथपाल काठीने छत ठोकत आणि बाई ती शाबासकी समजत. बाईंनी हा वर्ग सुरू केला त्याला बावीस वर्षं झाली होती. त्याआधी त्या न्यायालयात टंकलेखक होत्या. दिवसभर वकिलांची भाषणं टाइप करून करून कोण बोलतोय आणि कोण नुसती तोंडाची वाफ दवडतोय हे आपल्याला बोटांनीच कळतं, असं त्या सांगत. त्यांचे नियम तीन. पट्टीवर उभं राहायचं, हातात कागद ठेवायचा नाही, समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची. कुणी अडकलं तर इतरांनी शब्द पुरवायचा नाही, हा खरं तर चौथा. पण बाई तो मोजत नसत. शब्द ज्याचा त्यालाच सापडला पाहिजे, मग कितीही वेळ लागो, हे त्यांना इतकं उघड वाटे. मागे एक परिचारिका त्या पट्टीवर चार मिनिटं मुकी उभी राहिली होती आणि सगळा वर्ग चार मिनिटं तिच्याकडे बघत बसला होता. पुढच्या शनिवारी ती आली नाही. "ज्याची त्याची तयारी," एवढंच बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

आज मात्र बाई शिकवत नव्हत्या. आज खिडकीजवळच्या टेबलाशी, वेळेची घंटा पुढ्यात घेऊन, त्यांची सून उभी होती.

सून चार वर्षं या वर्गाची सहायक होती. खुर्च्या मांडायच्या, घड्याळ लावायचं, घंटा वाजवायची आणि बाईंनी खूण केली की एखाद्याच्या भाषणावर दोन शब्द बोलायचे. पूर्ण शिक्षक व्हायचं तर एक अख्खा वर्ग स्वतः घ्यायचा आणि ज्येष्ठ शिक्षकाने मागे बसून तो तपासायचा. अशी संधी तीनदा मिळते. तिन्ही वेळा नापास झालं की माणूस कायमचा घंटेपाशी. सासूने सुनेची परीक्षा घ्यावी का, असा प्रश्न वाचनालयाच्या कार्यालयात निघाला होता. पण बाईंना ओळखणारे म्हणाले, घेऊ द्या, कीव करायचीच तर त्या पोरीची करा.

दोन संधी गेल्या होत्या. पहिल्या वेळी सुनेने झाडून सगळ्यांचं कौतुक केलं. जो पुटपुटला त्याचा आवाज मृदू होता आणि जो भरकटला त्याची कल्पनाशक्ती दांडगी होती. "साखर वाटायला आली होतीस का?" बाईंनी विचारलं होतं. दुसऱ्या वेळी तिने बाईंची नक्कल केली. मुद्दाम नव्हे, चार वर्षं पाहिलेलं अंगात मुरलं होतं. तोच आवाज, तेच थांबणं, तेच विनोद त्याच जागी. एकदा तर बोलता बोलता तिने नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवला आणि तिला चष्मा नव्हताच. वर्ग खूश झाला. बाईंनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, 'एक बाई पुरे आहे.'

आता अग्निशमन दलाच्या जवानांचा नवा वर्ग सुरू व्हायचा होता. शाळाशाळांतून जाऊन मुलांशी कसं बोलायचं, हे पंचवीस जणांना शिकवायचं होतं. तो वर्ग सुनेला हवा होता. इतका हवा होता, की घरात तिने त्याचा विषयही काढला नव्हता. काढून उपयोगही नव्हता. दोघींचा करार होता : वर्गाचा अभिप्राय वर्गातच, हॉलला कुलूप लागेपर्यंत. कुलूप लागलं की सासू-सून. हा करार बाईंच्या मुलाने एकदा जेवताना, घास हातात धरून, दोघींपुढे गयावया करून पदरात पाडून घेतला होता.

पट्टीवर एव्हाना मिनिटभर झालं होतं. क्रेनवाल्याच्या ओठांपर्यंत शब्द येत होते आणि मागे फिरत होते. दहा दिवसांनी त्याला कारखान्याच्या सुरक्षा समितीपुढे बोलायचं होतं. कामगारांनी त्याला निवडून दिलं, त्याने हो म्हटलं आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. बाई आता त्याच्याकडे नाही, सुनेकडे बघत होत्या. पुरवते की काय शब्द? पुरवला की संपलं.

सून टेबलापासून हलली आणि क्रेनवाल्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"कामावर बोलता तेव्हा समोर कोण असतं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "मी वर केबिनमध्ये असतो ना. वायरलेसवर बोलतो. खालचे लोक मालाकडे बघत असतात."

"म्हणजे तुमच्याकडे पाठ करून?"

"मग? माझ्याकडे बघत बसले तर पाय तुटतील त्यांचे."

सून वर्गाकडे वळली. "सगळ्यांनी उठा जरा. खुर्च्या फिरवा आणि ह्यांच्याकडे पाठ करून बसा."

कुणी हललं नाही. दोघा-तिघांनी मान मागे वळवून बाईंकडे पाहिलं. नजरेला नजर, हे त्यांना बाईंनी पहिल्याच दिवशी घोटवून घेतलं होतं.

"बाईंकडे नका बघू. आज वर्ग माझा आहे," सून म्हणाली. आवाज किंचित कापला, पण तो तिचा स्वतःचा होता. "फिरवा."

तेरा खुर्च्या फरशीवरून घासत फिरल्या. खालून काठीचे दोन ठोके आले.

"एकच सांगते," सून म्हणाली. "ऐकता ऐकता ज्यांना ह्यांच्याकडे बघावंसं वाटेल त्यांनी वळा. नाही वाटलं तर नका वळू. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको." मग ती क्रेनवाल्याला म्हणाली, "तुम्ही वर आहात. ते खाली आहेत. बोला."

आणि तेरा माणसं बाईंच्या समोरासमोर आली.

बाई जरा सावरून बसल्या. भाषणं सुरू झाली की त्या नेहमी याच खुर्चीत बसत. बावीस वर्षांत बोलणाऱ्यांचे चेहरे त्यांनी ढिगाने पाहिले होते. ऐकणाऱ्यांच्या त्यांना फक्त माना ठाऊक होत्या. आता तेरा चेहरे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर कुठे बघावं हे त्यांनाच कळेना.

"त्या दिवशी वारा होता," तेरा डोक्यांच्या पलीकडून क्रेनवाला म्हणाला.

तो थांबला. पण हे थांबणं वेगळं होतं, पुढची पायरी चाचपणाऱ्या पायासारखं.

"वरून माणूस दिसत नाही. टोपी दिसते. पिवळी टोपी म्हणजे कामगार, पांढरी म्हणजे साहेब, निळी म्हणजे नवा भरती झालेला. खालून पिवळ्या टोपीने हात केला, उचल. पांढऱ्या टोपीने पण हात केला, उचल. मी उचललं नाही. मला पट्टा आवडला नाही. माल बांधायचा पट्टा असतो, तो. दिसायला चांगला होता. का आवडला नाही ते मला आजसुद्धा सांगता येणार नाही. हाताला कळतं कधी कधी."

बाईंच्या समोर बसलेल्या मुलीने मांडीवरची पर्स घट्ट धरली. तिच्या शेजारी दंतवैद्य होते. समोरच्याचं तोंड उघडं असतानाच बोलायची त्यांना इतकी सवय होती, की उत्तराची वाट कशी बघायची हे शिकायला ते या वर्गात आले होते. आज त्यांचंच तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"साहेब वायरलेसवर ओरडले. उतर खाली, म्हणाले, दुसरा आणतो. मी म्हटलं, आणा. पण पट्टा बदलल्याशिवाय मी लिव्हरला हात लावणार नाही. चाळीस मिनिटं काम बंद. चाळीस मिनिटं मी वर शिव्या ऐकतोय. मग पट्टा सोडला आणि आतून बघितला. आतून कुजून गेला होता. आणि जिथून माल जाणार होता ना, तिथे खाली चाळीस मिनिटं एक निळी टोपी उभी होती. कुणीतरी त्याला सांगितलेलं, इथे थांब. तो बिचारा थांबला."

दंतवैद्यांची खुर्ची करकरली. ते उठले, खुर्ची उचलून फिरवली आणि क्रेनवाल्याकडे तोंड करून बसले. पर्सवाली मुलगी वळली. मग एक, मग एकदम तीन. क्रेनवाल्याचं बोलणं तुटलं नाही. एकेक चेहरा त्याच्याकडे वळत होता आणि तो त्या चेहऱ्याशी बोलत होता, जणू खालून कुणीतरी हात करून विचारतंय आणि तो वरून उत्तर देतोय.

"त्या निळ्या टोपीचं नाव मला माहीत नाही. त्यालापण मी माहीत नाही. कँटीनमध्ये माझ्या शेजारी बसून जेवलासुद्धा असेल. मला समितीला एवढंच सांगायचंय, की वरचा माणूस नाही म्हणाला तर खालच्यांनी ऐकायला पाहिजे. बस. झालं माझं."

तोवर बारा खुर्च्या वळल्या होत्या. तेरावा, एक विमा एजंट, तसाच पाठमोरा बसून राहिला. मला वळायचं होतं हो, असं तो नंतर सगळ्यांना सांगत सुटला, पण डोळे पुसल्याशिवाय कसा वळू?

बाईंनी वहीतला 'नजर' हा शब्द खोडला. माणूस बोलायच्या आधीच आपण त्याचा अभिप्राय लिहून मोकळ्या झालो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते त्यांना बरं वाटलं नाही. ती परिचारिकाही आठवली. चार मिनिटांत तिला खुर्च्या फिरवून देणारं कुणी नव्हतं.

पुढे सुनेने क्रेनवाल्याला अभिप्राय दिला तो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. "टोप्या ठेवा," ती म्हणाली. "कुणी कितीही सांगितलं तरी त्या काढू नका. आणि बदलायचं म्हणाल तर एकच. समितीपुढे वाऱ्यापासून सुरुवात नको. 'मला पट्टा आवडला नाही', हे पहिलं वाक्य. वारा नंतर येऊ दे."

क्रेनवाल्याने ते वाक्य ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाहिलं. "खरंच की," तो म्हणाला, आणि इतका वेळ अडलेलं हसू त्याच्या तोंडावर आलं.

बाईंच्या मनात अभिमान इतका उसळून आला, की त्यांना पेनाचं टोपण सापडेना. ते त्यांच्या डाव्या हातातच होतं.

वर्ग सुटला. जिन्यावरचे आवाज खाली गेले. सुनेने खुर्च्या भिंतीकडे रचल्या आणि दोन तेवढ्या मध्ये ठेवल्या, एक बाईंसाठी, एक स्वतःसाठी. पद्धत ठरलेली होती : आधी सहायकाने स्वतः काय पाहिलं ते सांगायचं. मग शिक्षकाने एक बदलण्याजोगी गोष्ट सांगायची आणि एक ठेवण्याजोगी.

"सांग," बाई म्हणाल्या.

"मी नियम मोडला. नजरेला नजर सोडून उलट पाठच करायला लावली. आणि तुम्हाला न विचारता."

"बाई काय म्हणतील असं वाटलं नाही?"

"वाटलं ना. म्हणून तुमच्याकडे बघितलंच नाही. आणि बाई, परत असा कुणी अडकला तर मी परत मोडेन. नापास करायचं असेल तर ह्याच्यासाठी करा. दुसरं काहीतरी कारण नका लिहू."

बाईंनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर फारसं काही नव्हतं.

"घंटा," त्या म्हणाल्या. "वेळ चार मिनिटांची. तो पावणेसात मिनिटं बोलला. तू घंटा वाजवली नाहीस."

"हो. विसरले. मी ऐकतच बसले."

"समितीत घंटा वाजते. तिथे त्याला पट्टा कुजलेला होता इथपर्यंत पोचायच्या आधीच खाली बसवतील. त्याला चारात बसवायची जबाबदारी तुझी."

"बरोबर आहे. पुढच्या शनिवारी बसवते." सुनेने लिहून घेतलं आणि मान वर केली. "आणि ठेवण्यासारखं?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. ते घशापर्यंत आलंही होतं. समोर सुनेचे डोळे होते, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघणारे, त्यांनीच शिकवलेले. बाईंनी तोंड उघडलं. चुकलेल्याला चूक सांगताना ही जीभ कधी अडखळली नव्हती. पण घरात काय आणि वर्गात काय, कौतुक म्हणून 'बरं आहे' याच्या पुढे ती कधी गेलीच नव्हती, आणि आज 'बरं आहे' पुरण्यासारखं नव्हतं.

"कुलूप कुठे ठेवलंस?" बाईंनी विचारलं.

सून उठली आणि टेबलाच्या खणातून कुलूप काढून आणलं. ती खिडक्या लावत होती तेवढ्यात बाईंनी पाठमोरं होऊन तपासणीच्या कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं. लिहायला त्यांना दहा सेकंदही लागले नाहीत. दहा सेकंदांत लिहिण्यासारखं 'नापास' हे एकच असतं, असं सुनेला वाटलं असेल तर त्यात तिची चूक नव्हती. खाली उतरल्यावर बाईंनी पाकीट कार्यालयाच्या पेटीत टाकलं. पेटी सोमवारी उघडत असे.

घरी जाताना दोघी कांद्यांबद्दल बोलल्या, आणि रस्ता खणून ठेवलाय तो कधी बुजवणार याबद्दल. मुलाने दार उघडलं, दोघींचे चेहरे बघितले आणि आईच्या पाठीमागून बायकोला भुवयांनी विचारलं. सुनेने खांदे उडवले. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. ती भांडी सकाळीच घासून झाली होती, हे मुलाला दिसत होतं. पण तो शहाणा होता, वर्तमानपत्र उघडून बसला.

सात वाजता लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावी होती, दर शनिवारी फोन करायची. बाई नेहमी फोन घेऊन गॅलरीत जात, कारण घरात आवाज तुटतो अशी त्यांची तक्रार असे. आज त्यांनी स्टूल ओढलं ते स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि तिथे बसून फोन कानाला लावला.

"हो गं, आम्ही सगळे ठीक," बाई म्हणाल्या. "ते राहू दे. आज तुझ्या वहिनीची परीक्षा होती."

आत एक पातेलं जरा जोरात ठेवलं गेलं.

"काय सांगू तुला! एक माणूस उभा राहिला, दगडासारखा. मी असते तर थांबले असते. थांबून थांबून त्याला घालवला असता, एकीला घालवलंय तसं मी. हिने काय करावं? सगळ्या वर्गाला पाठ फिरवायला लावली. हो, पाठ! आणि तो माणूस असा बोलला, असा बोलला, की एकेक जण आपणहून वळला. बावीस वर्षं मी ते शिकवतेय आणि मला नाही सुचलं. तिला उभ्या उभ्या सुचलं."

आतला नळ बंद झाला. मुलाच्या हातातलं वर्तमानपत्र हलायचं थांबलं.

"माझ्याकडून शिकली आणि माझ्यासारखी झाली नाही," बाई आणखी मोठ्याने म्हणाल्या. "असा अभिमान मला जन्मात कुणाचा वाटला नाही. तुझासुद्धा नाही, राग मानू नकोस. मी कागदावर एकच ओळ लिहिली. 'ह्यांना यापुढे सहायक म्हणू नये.' जवानांचा वर्ग तिचा. एकटीचा. मी त्या हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही."

"अगं आई," तिकडून लेक म्हणाली, "ऐकू येतंय मला. एवढी ओरडतेयस कशाला?"

"तू नुसता फोन धरून ठेव," बाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे न बघता पुढे सांगू लागल्या.